संस्थाविकास प्रकल्पाची सनद : ती का लिहिली आणि कशी लिहिली

सन्माननीय विश्वस्त, देणगीदार, हितचिंतक आणि आमच्याकडे उपचार घेऊन गेलेल्या रुग्णांचे आप्त यांच्यासमोर वार्षिक अहवाल ठेवताना इमारत, यंत्रसामग्री आणि शस्त्रक्रिया यांचे तक्ते आम्ही दरवर्षी देतो. याही अहवालात ते अन्यत्र दिलेले आहेत. या लेखात मात्र चार पानांच्या एका कागदाविषयी लिहावयाचे आहे. तो कागद तयार होण्यास आम्हांस अपेक्षेपेक्षा बराच अधिक वेळ लागला, आणि तो वेळ वाया गेला असे आज आम्हांस वाटत नाही.

प्रारंभ एका प्रसंगातून झाला. मुखेडकडील एका खेड्यातून एक वृद्ध रुग्ण रात्री लातूरला आमच्याकडे दाखल झाले. मुलाने केसपेपर काढला, खिडकीवर सांगितलेले डिपॉझिट भरले आणि उर्वरित रकमेसाठी दुसऱ्या दिवशी गावाकडे म्हैस विकली. डिस्चार्जच्या दिवशी कागदपत्रांची पिशवी आवरताना वॉर्डातील मावशींना त्यात पिवळे रेशनकार्ड दिसले. कुटुंब मोफत उपचारांस पात्र होते. परंतु तोपर्यंत त्यांना कोणी विचारलेच नव्हते. भरलेली रक्कम परत देण्यात आली. विकलेली म्हैस परत मिळणे शक्य नव्हते.

येथे नियम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या, १ सप्टेंबर २००६ पासून अमलात असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत स्वतंत्र जमा करावी लागते. आणीबाणीच्या प्रसंगी रुग्णास प्रथम दाखल करून घेणे बंधनकारक आहे. याखेरीज शासनाची आरोग्य योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. पुढे ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. म्हणजे हक्क होता, निधी होता, योजनाही होती. उणीव आमच्या कामकाजात होती.

चौकशी केली तेव्हा दोषी व्यक्ती सापडली नाही, आणि हीच गोष्ट आम्हांस अधिक चिंतेची वाटली. खिडकीवरील लिपिकास अपुऱ्या दाखल्यावर सवलत दिल्यास लेखापरीक्षणात आक्षेप येईल, अशी धास्ती होती. सिस्टरांच्या समजुतीप्रमाणे रेशनकार्ड विचारणे हे समाजसेवा विभागाचे काम होते. समाजसेवा विभाग सायंकाळी बंद होत असे. खेड्यांतून येणारे गंभीर रुग्ण मात्र बहुधा त्यानंतरच पोहोचतात. रात्री ‘होय’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. प्रत्येक जण आपापल्या परीने योग्य वागत होता आणि म्हैस तरीही विकली गेली.

अशा दुखण्यावर परिपत्रक काढून भागत नाही. रिचर्ड बेकहार्ड यांनी १९६९ साली संस्थाविकासाची जी व्याख्या केली, तिच्यात हे काम नियोजनपूर्वक, संपूर्ण संस्थेला धरून आणि वरिष्ठांच्या पुढाकाराने करावयाचे असते, असे सांगितले आहे. आपल्याकडे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी हा विचार रुजविला. वाचावयास तो सोपा आहे. प्रत्यक्षात मात्र अशी कामे सभेतील उत्साहावर सुरू होतात आणि दोन महिन्यांनी कोणी काय ठरविले होते हेच आठवत नाही. म्हणून कामाआधी सनद लिहावी लागते : हे काम कशासाठी, कोठपर्यंत, कोणाच्या अधिकाराने, किती मुदतीत आणि यश कशाने ओळखावयाचे, हे सांगणारा, संबंधितांच्या सह्या असलेला कागद. मराठवाड्यातील जुन्या मंडळींना सनद म्हटले की निजामाच्या काळातील इनामाचे कागद आठवतात. येथे कोणास काही इनाम मिळत नाही. जबाबदारी मात्र नावानिशी मिळते.

आमचा पहिला मसुदा, स्पष्टच सांगावयाचे तर, निरुपयोगी होता. ‘रुग्णसेवेचा दर्जा उंचावणे आणि कर्मचाऱ्यांत सेवाभाव वृद्धिंगत करणे’ असा त्याचा उद्देश होता. विश्वस्त मंडळाने तो एकमताने संमत केला. ज्यास कोणाचाच विरोध नाही, त्या वाक्याने कोणाचेच काम बदलत नाही, हे आमच्या ध्यानात थोडे उशिरा आले. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट या संस्थेने डिसेंबर २००४ मध्ये रुग्णालयांतील टाळता येणारे मृत्यू रोखण्याची मोहीम जाहीर केली, तेव्हा एक लाख प्राण हा आकडा आणि १४ जून २००६, सकाळी ९ ही वेळ आधीच सांगून ठेवली होती. आमचे रुग्णालय त्या मानाने लहान आहे. परंतु आकडा आणि तारीख लिहिण्यास मोठेपणा लागत नाही.

दुसऱ्या मसुद्याआधी मेट्रन, एक विश्वस्त आणि लेखापाल हे तिघे काही रात्री दाखल खिडकीशेजारी बसले. त्यानंतर उद्देश असा लिहिला गेला : सनदेवर सह्या झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत, दिवसा वा रात्री दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कुटुंबास डिपॉझिटची रक्कम सांगण्यापूर्वी शासकीय योजना आणि निर्धन रुग्ण निधी यांविषयी विचारले जाईल आणि तशी नोंद केसपेपरवर असेल.

सर्वांत अधिक वाद झाला तो कामाची मर्यादा ठरविताना. एका हितचिंतकांनी याच सुमारास संगणकप्रणालीसाठी देणगी देऊ केली होती आणि ती याच प्रकल्पात घालावी असा आग्रह होता. सनदेत मात्र संगणकप्रणाली, डॉक्टरांचे मानधन आणि नवीन वॉर्ड हे तिन्ही विषय ‘या प्रकल्पात नाहीत’ या शीर्षकाखाली लिहिले आहेत. देणगी नाकारलेली नाही, पुढे ठेवली आहे. जे प्रश्न विचारलेच जात नाहीत, त्यांची उत्तरे संगणकात साठविता येत नाहीत, हे त्या सद्गृहस्थांनी मोठ्या मनाने मान्य केले.

एका ज्येष्ठ विश्वस्तांची शंका अधिक अवघड होती. सर्वांना विचारले तर पात्र कुटुंबे वाढतील, निधी मात्र देयकांच्या २ टक्केच राहील, मग काय? ही शंका कठोर नव्हती, प्रामाणिक होती. तिचे उत्तर सनदेत दोन वाक्यांत आहे. योजनेत बसणारा उपचार प्रथम आरोग्यमित्रांमार्फत योजनेतून करावा, म्हणजे निधी उरलेल्यांसाठी राहतो. आणि निधी संपत आल्यास उपचार न थांबविता वैद्यकीय अधीक्षकांनी त्याच आठवड्यात विश्वस्तांस कळवावे. सर्वसाधारण देणग्यांतून किती भार उचलावयाचा हे मंडळ ठरवील. देणगीदारांनी हे वाक्य लक्षपूर्वक वाचावे, अशी विनंती आहे. त्यांच्या पैशाचा उल्लेख त्यात आहे.

अधिकार कोणाकडे, हे लिहिताना आम्हांस याच जिल्ह्याचा अनुभव आठवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या पुनर्वसनात, ज्यास जागतिक बँकेचे साहाय्य होते, ५२ गावे नव्याने वसविण्यात आली. परंतु त्याहून कितीतरी अधिक घरे जागच्या जागीच दुरुस्त वा मजबूत करावयाची होती. तेथे घरमालकाने स्वतः काम करवून घ्यावयाचे, कामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्ता मिळवावयाचा आणि अभियंत्याने तपासणी करावयाची, अशी रीत होती. गावागावांत महिला संवाद साहाय्यक नेमण्यात आल्या होत्या. एवढ्या मोठ्या कामात कोणाचे काम कोठे संपते हे ठरलेले होते. आमच्या एका खिडकीवर ते ठरलेले नव्हते. आता रात्रपाळीच्या मुख्य सिस्टरांना रेशनकार्ड पाहून, तहसीलदारांच्या दाखल्याची वाट न पाहता, डिपॉझिट स्थगित करण्याचा अधिकार आहे. दाखला नंतर मिळविण्याची जबाबदारी समाजसेवा विभागाची आहे. अशा निर्णयाबद्दल सिस्टरांस वा लिपिकास जाब विचारला जाणार नाही, असे सनदेत लिहिले असून त्याखाली अध्यक्षांची सही आहे.

मोजणीविषयी दोन गोष्टी सांगावयास हव्यात. बदल करण्यापूर्वीची स्थिती मोजल्याशिवाय नंतरच्या आकड्याला अर्थ नसतो, म्हणून प्रथम केवळ नोंदी ठेवण्यात येत आहेत. या अहवालात टक्केवारी दिलेली नाही, त्याचे कारण हेच. दुसरे असे की, एक दुखणे बरे करताना दुसरे उत्पन्न होऊ नये. प्रश्न विचारण्यात वेळ जाऊन रात्री खिडकीपुढे रांग वाढली, तर ती सुधारणा नव्हे. म्हणून दाखल होण्यास लागणारा वेळही त्याच नोंदवहीत लिहिला जातो. तो वाढत असल्यास पद्धत थांबवून पुन्हा विचार करावा, असे कलम मेट्रनांच्या आग्रहाने घालण्यात आले.

सनदेवर अध्यक्ष, वैद्यकीय अधीक्षक, मेट्रन, लेखापाल, समाजसेवा अधीक्षक आणि रात्रपाळीचे लिपिक यांच्या सह्या आहेत. ज्या मावशींनी ते रेशनकार्ड पाहिले, त्यांनीही सही केली आहे. तिची प्रत दाखल खिडकीशेजारी, उभ्याने वाचता येईल अशा अक्षरांत लावलेली आहे. कोणास वाचता येत नसल्यास ती वाचून दाखविणे हेही खिडकीवरील लिपिकाच्या कामात आता लिहिलेले आहे.