चकाकणारं अंगण

एका वर्षी ईदला पाहुणे यायचे म्हणून आम्ही अंगणातल्या पेव्हर ब्लॉकवर चकाकणारं सीलर मारून घेतलं. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता, पण ब्लॉक वरून कोरडे दिसत होते. ईद झोकात झाली. श्रावणापर्यंत मात्र चकाकी दुधाळ पडली, पापुद्रे सुटले, वर शेवाळ धरलं. पहाटे वजूसाठी नळाकडे निघालेली अम्मी त्यावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मग कवितेची वही मिटून मी आधी अंगण समजून घेतलं.

सिमेंटचा ब्लॉक टणक दिसला तरी आतून सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल त्यात चढते आणि उन्हाबरोबर वर निघून जाते. अ‍ॅक्रिलिक सीलर वर पातळ पापुद्रा धरतं. खाली ओल कोंडली की तोच पांढुरका होतो. सिलेन-सिलोक्झेनचं सीलर आत मुरतं. ते पावसाचं पाणी अडवतं, पण वाफेला वाट ठेवतं. चमक मात्र देत नाही.

दुसरा पांढरेपणा लोण्याचा. सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळून वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याची पांढरी पूड बनते. ती न काढता सीलर मारलं, तर डाग खालीच अडकतो.

अशा वेळी आपण वरून आणखी एक हात मारतो. नेमकं तेच टाळायचं. सुटलेला जुना थर आधी पूर्ण काढावा. त्याची रसायनं जाणकाराच्याच हाती द्यावीत. काहींची वाफ घातक असते आणि ती पेटही घेतात. लोणा कोरडाच घासून झाडावा. शेवाळ ब्रशने काढावं. पाण्याचा जोराचा झोत सांध्यांतली वाळू उडवतो. अंगणात शहाबादी किंवा कोटा फरशी असेल, तर अ‍ॅसिड लांबच ठेवा. हे दगड चुनखडीचे, अ‍ॅसिड त्यांना खातं.

सांध्यांत कोरडी वाळू भरून झाली, की वीतभर प्लास्टिकचा तुकडा ब्लॉकवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी आत पाण्याचे थेंब दिसले तर थांबा. या कामाला दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे. पुढे कधी शंका आली, तर ब्लॉकवर थोडं पाणी शिंपडा. थेंब गोल उभे राहिले तर सीलर शाबूत आहे. पाणी झिरपून ब्लॉक काळपट झाला, तर नव्या हाताची वेळ आली.

आम्ही सगळा थर खरवडून काढला आणि डिसेंबरात मुरणारं सीलर लावलं. आता अंगण चकाकत नाही. पाहुणे विचारतात, ‘‘पॉलिश गेलं का हो?’’ अम्मी मात्र भर पावसाळ्यातही कुणाचा हात न धरता नळापर्यंत जाते.