मापात बसणारा पूर्णगड

दिवाळीतील किल्ला उंच असलाच पाहिजे का? कोकणातील एका बुटक्या किल्ल्याची प्रतिकृती प्रमाणात करायला घेतली, तर त्या प्रश्नाचे उत्तर हाती येते आणि इतिहासही उलगडतो.

दिवाळीच्या सुटीत वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या अंगणात उभे राहणारे किल्ले पाहिले, की एक गोष्ट हमखास नजरेत भरते. तटावर पहारा देणारा मावळा बुरुजाहून उंच असतो आणि महादरवाजातून आत जायचे झाले, तर त्याला आडवे व्हावे लागेल. बालपणातील ही गंमत आहे यात शंका नाही. मात्र ‘हा अमुक किल्ला’ अशी पाटी त्यावर लागते, तेव्हा किल्ल्याच्या रूपाविषयी मुलांच्या मनात एक चुकीचे चित्र पक्के होते. ते टाळायचे असेल, तर प्रथम प्रमाण ठरवावे लागते.

समजा, 1:200 हे प्रमाण धरले. म्हणजे प्रतिकृतीतील एक सेंटीमीटर हा प्रत्यक्षातील दोन मीटर. या हिशेबाने सहा मीटर उंचीचा तट तीन सेंटीमीटरचा होतो, चार मीटरचा दरवाजा दोन सेंटीमीटरचा आणि माणूस जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा, म्हणजे बासमती तांदळाच्या दाण्याएवढा! बाजारात मिळणारा चार इंची मातीचा मावळा याच प्रमाणात तब्बल 20 मीटरचा, सहा मजली इमारतीएवढा ठरतो.

खरी अडचण डोंगराची असते. समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंचीचा रायगड पायथ्याच्या सपाटीसह 1:200 या प्रमाणात करायचा झाला, तर तो माणसाच्या दुपटीहून उंच होईल. अंगणात बसवण्यासाठी मग लांबी-रुंदी आकसली जाते, उंची मात्र तेवढी आकसत नाही आणि सह्याद्रीच्या पसरट माथ्याचा सुळका होतो. नकाशाशास्त्रातही उठावाच्या नकाशांत उंची मुद्दाम वाढवून दाखवतात. पण तेथे ती किती पटींनी वाढवली, हे नमूद केलेले असते. अंगणातील किल्ल्यात ते कोणी नमूद करत नाही.

म्हणूनच प्रमाणशीर प्रतिकृतीसाठी पूर्णगडासारखा किल्ला निवडणे शहाणपणाचे ठरते. रत्नागिरीच्या दक्षिणेस, पावसच्या पुढे, मुचकुंदी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे उत्तर तीरावरील टेकाडावर हा छोटेखानी किल्ला आहे. किल्ल्याच्या अंगाखांद्यावर त्याच नावाचे गाव वसले असून खाडीपलीकडे गावखडी आहे. जांभ्या दगडाची तटबंदी आजही बरीचशी शाबूत आहे. पूर्वेकडील मुख्य दरवाजावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत, दरवाजाबाहेर मारुतीचे देऊळ आहे आणि समुद्राच्या अंगाला एक लहान दरवाजा आहे. शिवरायांनी बांधलेला हा अखेरचा किल्ला, त्याने दुर्गमालिका पूर्ण झाली म्हणून पूर्णगड, असे परंपरा सांगते. काही अभ्यासक त्याच्या उभारणीचे श्रेय कान्होजी आंग्र्यांना देतात.

हा किल्ला बुटका का, याचे उत्तर त्याच्या कामात आहे. मुचकुंदीच्या खाडीतून आत सातवलीपर्यंत मालाची ने-आण होत असे. त्या वाटेच्या तोंडावर नजर ठेवणे, हे पूर्णगडाचे काम. फार उंचावरील तोफ खाली झुकवण्यास मर्यादा असते, त्यामुळे पायथ्याजवळून जाणारे जहाज तिच्या माऱ्यातून सुटते. शिवाय उंचावरून सुटलेला गोळा पाण्यात घुसतो, तर कमी उंचीवरून डागलेला गोळा पाण्यावरून टप्पे घेत पुढे जाऊ शकतो. सागरी तोफखान्यासाठी माफक उंची ही उणीव नसून सोय असते.

प्रतिकृती ‘बसकी’ करण्याचे तंत्र मात्र वाटते तितके सोपे नाही. त्यासाठी परदेशातील एका छंदाचे उदाहरण उद्बोधक ठरेल. अमेरिकेत 1932 च्या फोर्डसारख्या जुन्या मोटारी हलक्या आणि वेगवान करण्याची हौस विसाव्या शतकात रुजली. त्या मोटारींना हॉट रॉड म्हणतात. त्यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती सुट्या भागांच्या संचात मिळतात; अनेकदा त्या 1:25 प्रमाणाच्या असतात, म्हणजे एक मिलिमीटर हा प्रत्यक्षातील जवळपास एक इंच. गाडी जमिनीलगत बसलेली दिसावी, म्हणून हौशी मंडळी संचात फेरफार करतात. नुसती लहान चाके लावून काम भागत नाही. पुढचा आस सांगाड्यावर वरच्या बाजूस सरकवावा लागतो, मागच्या बाजूस सांगाडा कापून पायरीसारखा उचलावा लागतो. तेवढे केले, की चाक मडगार्डला घासते आणि तेही आतून तासावे लागते. म्हणूनच गोंद लावण्यापूर्वी सारे भाग नुसते जुळवून पाहण्याचा रिवाज आहे. एक माप बदलले, की उरलेली सारी मापे पुन्हा तपासावी लागतात, हा त्यातील धडा.

किल्ल्यालाही तोच नियम लागू पडतो. डोंगर कमी केला आणि तट मात्र नेहमीसारखा वीतभर ठेवला, तर टेकडीवर डबा ठेवल्यासारखे दिसते. त्यामुळे सुरुवात पायापासून करावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावरून किंवा उपग्रहचित्रावरून टेकाडाची लांबी, रुंदी आणि उंची काढावी. फळीवर प्रथम समुद्राची पातळी निश्चित करावी. सर्व उंची तेथूनच मोजायची. नेहमीचा विटांचा ढीग येथे नको. चाळलेल्या मातीचे थर पुठ्ठ्याच्या मापपट्टीने तपासत चढवावेत आणि त्यावर ओले पोते अंथरून चिखलाचा पातळ लेप द्यावा. तटासाठी मातीच्या पट्ट्या कापून, सुकल्यावर गेरूने रंगवल्या, की जांभ्याचा भास होतो. दरवाजावरील गणपती या प्रमाणात दीड-दोन मिलिमीटरचा होईल. टाचणीने केलेली खूणही पुरते. हळीव आणि मोहरी तटापासून दूर पेरावी, अन्यथा दोन इंच वाढलेले रोप दहा मीटरचा वृक्ष होऊन तट झाकून टाकते.

शेवटी एक प्रयोग अवश्य करावा. खाडीच्या तोंडाशी कागदी होडी ठेवून बुरुजावरून तिच्यापर्यंत दोरा ताणावा. दोरा मध्ये कोठेही न अडकता पोहोचला, तर बुरुजाची जागा बरोबर. मग हाच किल्ला दुप्पट उंच टेकाडावर ठेवून पाहावा. दोरा कड्याला अडतो आणि होडी टेकाडाच्या आडोशाने निसटते. किल्ला येथे आणि एवढाच का बांधला, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या 12 किल्ल्यांचा समावेश झाला. रायगड, राजगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्या प्रतिकृती अंगणोअंगणी होतील, हे स्वाभाविकच आहे. पूर्णगड त्या यादीत नाही. परंतु मोठ्या जलदुर्गांच्या मधली किनारपट्टी अशाच लहान चौक्यांनी राखली होती. एखाद्या अंगणात तीन सेंटीमीटरचा तट आणि तांदळाएवढा मावळा दिसला, तर तो किल्ला कदाचित बक्षीस मिळवणार नाही. मात्र पाहणाऱ्याला तो खरा पूर्णगड दाखवील.