उन्हाळी सुटी, वारा आणि धनुष्यबाण

वर्धा शहरास लागून असलेल्या बोरगाव (मेघे) व आसपासच्या गावांत चैत्र सरता सरता उन्हाचा तडाखा जाणवू लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, आणि नवतप्याच्या नऊ दिवसांत तर दुपारी गावाचे रस्ते ओस पडतात. या उष्म्यामुळेच विदर्भातील शाळा राज्याच्या इतर विभागांपेक्षा उशिरा उघडतात. परंतु हा उन्हाळा सर्व दिवस सारखाच नसतो. सकाळी निरभ्र आकाश, दुपारी होरपळ, चार वाजता क्षितिजावर काळे ढग, पाठोपाठ वारा-वावधान आणि कधी गारा, असा क्रम एकाच दिवसात पाहावयास मिळतो. दुसऱ्या दिवशी हवा थंडावते व तिसऱ्या दिवशी पुन्हा ऊन तापते.

अशा बदलत्या दिवसांत गावातील मुलामुलींनी करावे काय, हा पालक, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढील खरा प्रश्न होय. सुटी मोठी, मैदाने मोकळी आणि देखरेख मात्र कमी. विहिरी-तलावांत पोहावयास गेलेली मुले बुडाल्याच्या वार्ता याच दिवसांत वृत्तपत्रांतून येतात. उष्माघात व वीज पडणे ही संकटेही याच काळातील. म्हणून सुटीचा विचार करमणुकीपुरता मर्यादित न ठेवता मुलांच्या सुरक्षिततेच्या व घडणीच्या दृष्टीने करणे अगत्याचे आहे. धनुर्विद्या आणि हँग ग्लायडिंग या दोन साहसी खेळांची आज मुलांना ओढ वाटते. त्यांपैकी कोणता खेळ गावात रुजू शकेल, कोणता नाही, आणि दोहोंपासून काय शिकता येईल, याचा विचार येथे केला आहे.

हवा का बदलते?

मार्च ते मे या काळात मध्य भारताची जमीन झपाट्याने तापते. वायव्येकडून कोरडे व उष्ण वारे येतात, तर बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांवरून बाष्पयुक्त वारे आत शिरतात. विदर्भापासून दक्षिणेकडे द्वीपकल्पाच्या अंतर्भागात या ऋतूत अनेकदा कमी दाबाचा पट्टा पसरलेला असतो. त्याच्या आसपास हे दोन प्रकारचे वारे एकत्र येतात. दुपारपर्यंत जमिनीलगतची हवा तापून हलकी होते, वेगाने वर चढते आणि बाष्प पुरेसे असल्यास तिचे उंच गर्जनारे ढग बनतात. म्हणूनच बहुतेक वादळे दुपारनंतर किंवा सायंकाळी येतात. पहाट व सकाळ त्या मानाने शांत असते. सुटीतील उपक्रमांचे वेळापत्रक आखताना हा एक नियम लक्षात ठेवला तरी निम्मे काम होते.

शेतात भर दुपारी उठणारी वावटळ हा याच क्रियेचा लहानसा आविष्कार होय. तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा स्वतःभोवती फिरू लागली की धूळ व पाचोळा घेऊन ती उभी राहते. धूळ नसेल तेथेही उष्ण हवेचे असे अदृश्य स्तंभ वर चढतच असतात. घारी पंख न हलविता तासन् तास घिरट्या घालतात त्या याच स्तंभांच्या आधारे.

हँग ग्लायडिंग : डोंगरउताराचा खेळ

घारीची ही युक्ती माणसाने फार परिश्रमाने साधली. जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल यांनी 1891 पासून पंखांच्या साहाय्याने टेकडीवरून सुमारे 2000 उड्डाणे केली आणि 1896 मध्ये अशाच एका उड्डाणात कोसळून त्यांचा अंत झाला. अमेरिकेतील फ्रान्सिस रोगॅलो व त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी 1948 मध्ये कापडाचा लवचीक पंख सिद्ध केला. ऑस्ट्रेलियातील जॉन डिकन्सन यांनी 1963 मध्ये अशा पंखास त्रिकोणी दांड्याची चौकट जोडली व आजच्या हँग ग्लायडरला रूप आले. यात ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेले त्रिकोणी कापडी पंख असून उडणारा मनुष्य पट्ट्यांच्या साहाय्याने त्याखाली पालथा टांगलेला असतो. यंत्र नाही, सुकाणू नाही. स्वतःच्या शरीराचा भार डावी-उजवीकडे वा पुढे-मागे सरकवून तो दिशा व वेग बदलतो.

मात्र या खेळास उंची लागते. वाऱ्याकडे तोंड करून उतारावरून धावत जाऊन पंखाखाली हवा घ्यावी लागते. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यातील कामशेत आणि सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे सह्याद्रीच्या कड्यांमुळे हवेतील असे खेळ बहरले. आज तेथे प्रामुख्याने पिशवीत मावणाऱ्या पॅराग्लायडरचा वापर होतो व पावसाळ्यात उड्डाणे बंद ठेवली जातात. वर्ध्याच्या सपाट, काळ्या मातीच्या परिसरात हा खेळ सुरू करण्याचा आग्रह धरणे योग्य ठरणार नाही. शिवाय वैदर्भीय उन्हाळ्यातील दुपारची हवा इतकी खळबळलेली असते की जाणकारही त्या वेळी उड्डाण टाळतील.

ढगांशी खेळ किती महाग पडतो, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात 2007 च्या फेब्रुवारीत घडले. मॅनिला या गावी जागतिक स्पर्धेच्या सरावासाठी आलेल्या जर्मन पॅराग्लायडरपटू एवा विश्निएर्स्का यांना गर्जनाऱ्या ढगाने आत ओढले आणि सुमारे 9900 मीटर उंचीवर, म्हणजे एव्हरेस्टहूनही उंच, नेऊन सोडले. त्या बेशुद्धावस्थेतही दैवयोगाने बचावल्या. त्याच वादळात सापडलेले एक चिनी खेळाडू मात्र प्राणास मुकले. ही माणसे नवखी नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

राज्य शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाविषयी धोरण जाहीर करून जमीन, पाणी व हवेतील अशा उपक्रमांच्या आयोजकांसाठी नोंदणीची व्यवस्था केली आहे. एखादी संस्था शाळेच्या सहलीत मुलांना आकाशात उडविण्याचे आश्वासन देत असेल, तर तिची नोंदणी, प्रशिक्षकांची पात्रता व विम्याची कागदपत्रे पाहिल्याखेरीज मुख्याध्यापकांनी संमती देऊ नये.

धनुर्विद्या : सपाट मैदानाचा खेळ

हँग ग्लायडिंगला जे हवे ते वर्धा परिसरात नाही. धनुर्विद्येला जे हवे ते मात्र येथे भरपूर आहे : सपाट जागा, बांबू आणि शांत सकाळ. कामठा आणि तीर विदर्भाच्या वनपट्ट्यास नवे नाहीत. एकेकाळी उपजीविकेचे व रक्षणाचे साधन असलेली ही विद्या आज नियमबद्ध क्रीडाप्रकार झाली आहे. भारतीय धनुर्विद्या संघटना 1973 मध्ये स्थापन झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1972 मध्ये, हा खेळ दीर्घ खंडानंतर ऑलिंपिकमध्ये परतला होता.

या खेळाचे आज मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला, बांबूच्या साध्या धनुष्याचा इंडियन राऊंड. यात अंतर कमी असते व साहित्य स्वस्त, म्हणून शालेय खेळाडूंची सुरुवात बहुधा येथून होते. दुसरा, टोके उलट वळलेल्या रिकर्व्ह धनुष्याचा. ऑलिंपिकमध्ये यात 70 मीटर अंतरावरील 122 सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर बाण सोडतात. त्यातील दहा गुणांचे वर्तुळ केवळ 12.2 सेंटिमीटरचे असते. तिसरा, चाकांच्या साहाय्याने ताण पेलणाऱ्या कंपाऊंड धनुष्याचा. त्याचे अंतर 50 मीटर असते. कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रथमच होणार आहे.

या क्षेत्रात महाराष्ट्राने अलीकडे मिळविलेले यश अभिमानास्पद आहे. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाऊंड प्रकारात वैयक्तिक विजेती ठरली. वरिष्ठ गटात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविणारी ती पहिली भारतीय तिरंदाज होय. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण मिळवून पुरुषांचे जगज्जेतेपद पटकाविले. पुढे हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदके मिळविली. दोघांनाही 2023 चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

ग्रामीण शिक्षकांनी मात्र विशेष लक्ष द्यावे ते प्रवीण जाधव यांच्या वाटचालीकडे. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या शेतमजूर कुटुंबातील या मुलाची चपळाई प्रथम हेरली ती शाळेतील शिक्षकांनी. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाल्यावर तो धनुर्विद्येकडे वळला. 2019 च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय रिकर्व्ह संघात तो होता आणि टोकियो व पॅरिस या दोन ऑलिंपिकमध्ये त्याने देशाचे प्रतिनिधित्व केले. शिक्षकाच्या नजरेस ही चुणूक पडली नसती, तर प्रबोधिनीचे दार उघडे असूनही तो तेथवर पोहोचला नसता.

गावात सुरुवात कशी करावी?

स्पर्धेच्या दर्जाचे रिकर्व्ह वा कंपाऊंड साहित्य लाखांच्या घरात जाते. गावाने तेथून सुरुवात करण्याचे कारण नाही. कमी ताणाची बांबूची धनुष्ये, मनगटाच्या वरील भागास लावावयाचे संरक्षक पट्टे, बोटांसाठी चामड्याचे तुकडे आणि घट्ट बांधलेल्या गवताच्या पेंढ्यांचे लक्ष्य एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. नवशिक्यांसाठी दहा मीटर अंतर पुरेसे असते. लक्ष्यामागे मातीचा उंच बांध अथवा भक्कम आडोसा असावा आणि त्यापलीकडे पायवाट, गोठा वा वस्ती नसावी. प्रशिक्षित मार्गदर्शकासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधावा. मार्गदर्शक नसताना मुलांच्या हाती धनुष्यबाण देणे धोक्याचे आहे.

शिस्त हा या खेळाचा प्राण होय. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शिट्टीचे दोन आवाज म्हणजे नेमबाजांनी रेषेवर यावे, एक आवाज म्हणजे बाण सोडावेत, तीन आवाज म्हणजे बाण गोळा करावेत आणि पाच वा अधिक आवाज म्हणजे धोका, सर्वांनी तत्काळ थांबावे. हे संकेत पहिल्या दिवशीच पाठ करून घ्यावेत. सर्वांचे बाण संपल्याशिवाय कोणीही रेषा ओलांडू नये. मोकळे धनुष्य ताणून सोडू नये.

आता दिवसाची आखणी. सकाळी सहा ते साडेआठ हा मैदानावरील सरावाचा काळ ठेवावा. ऊन चढू लागताच मुलांना सावलीत आणावे. दुपारचे तास शाळेच्या खोलीत सत्कारणी लागू शकतात. बांबू तासणे, बाणांची लांबी व वजन मोजणे, सकाळच्या गुणांची सरासरी काढणे, कागदी ग्लायडर बनवून पंखाच्या आकाराचा परिणाम पाहणे, तापमान व वाऱ्याची दिशा यांची नोंद ठेवणे, ही कामे मुले आनंदाने करतात. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार वर्ध्यास परका नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतच नई तालीमची मुहूर्तमेढ रोवली गेली. धनुष्य बनविणारे मूल कोन, ताण, वजन व अंतर यांचा अभ्यास नकळत करीत असते.

सायंकाळचा सराव आकाश पाहूनच घ्यावा. बाणास 70 मीटर जाण्यास एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्यात आडवा वारा त्यास लक्ष्याच्या केंद्रापासून दूर नेऊ शकतो. म्हणून मैदानावर एक कापडी पताका उभारावी. ती फडफडू लागली की वाऱ्याचा अंदाज शिकवावा. ती सारखी दिशा बदलू लागली व ढग दाटले की सराव थांबवावा.

जीव प्रथम, खेळ नंतर

मैदानी प्रदेशात तापमान 40 अंश वा अधिक असून ते सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी वाढले, अथवा प्रत्यक्ष 45 अंशांवर गेले, की हवामान विभाग उष्णतेची लाट समजतो. अशा दिवशी मैदानी कार्यक्रम रद्द करणे यात कमीपणा नाही. पिण्याचे पाणी, क्षारसंजीवनीची पाकिटे व प्रथमोपचार पेटी नेहमी जवळ असावी. चक्कर, मळमळ किंवा असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसताच मुलास सावलीत नेऊन अंग गार पाण्याने पुसावे व विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

विजेच्या बाबतीत एक सोपा हिशेब सर्वांनी शिकावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागावे, म्हणजे वीज किती किलोमीटर दूर आहे ते कळते. हे अंतर 30 सेकंदांहून कमी असल्यास त्वरित पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नये. झाडाखाली आश्रय घेऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ या मोबाइल ॲपवरून विजेची पूर्वसूचना मिळते. ग्रामपंचायतीतील एका व्यक्तीवर ही सूचना पाहण्याची जबाबदारी सोपविता येईल.

पंचायतीचे काम

या उपक्रमास मोठ्या निधीपेक्षा निर्णयाची गरज अधिक आहे. मैदानाची एक बाजू आखून देणे, मातीचा बांध घालणे, सावलीची व पाण्याची सोय करणे, मुलींना समान संधी देणे आणि शिक्षकांना सहकार्य करणे, ही कामे ग्रामसभेच्या एका बैठकीत ठरू शकतात. सुटीअखेर मुलांच्या नोंदवह्या पाहिल्या, तर कोणाची नजर स्थिर व कोणाचा सराव नियमित, हे शिक्षकांस आपोआप कळेल. अशा मुलांची नावे क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीसाठी पाठविणे हे त्यापुढील पाऊल होय.

सगळीच मुले पदके मिळविणार नाहीत. परंतु वारा ओळखणे, संयम राखणे, संकेत पाळणे आणि धोका दिसताच थांबणे, एवढे जरी त्यांनी एका उन्हाळ्यात आत्मसात केले, तरी ती शिदोरी त्यांना आयुष्यभर पुरेल. हवामान बदलणे गावाच्या हाती नाही. बदलत्या हवेतही मुलांचा दिवस सुरक्षित व सार्थकी लावणे मात्र निश्चितच गावाच्या हाती आहे.