शेअर कुणाच्या नावावर? (लेखांक ६)

आयटीतल्या मंडळींत जेवणाच्या सुट्टीत समाजवादाचा विषय निघाला की स्वीडनचं नाव येतंच. एक म्हणतो, बघा, समाजवाद कसा झकास चालतो! दुसरा म्हणतो, स्पॉटिफाय आणि क्लार्ना जिथं जन्मल्या तिथं कसला आलाय समाजवाद? मग कराच्या टक्क्यांवरून जुंपते. माझ्या मते कराचा टक्का इथं गौण आहे. कंपनीचे शेअर कुणाच्या नावावर आहेत, हे आधी विचारावं. स्वीडनमध्ये हाच प्रश्न एकदा ऐरणीवर आला होता.

रुडॉल्फ माइडनर हे तिथल्या कामगार महासंघाचे अर्थतज्ज्ञ. गोस्टा रेन यांच्यासोबत त्यांनी १९५१ च्या सुमारास एक धोरण मांडलं : कंपनी तेजीत असो वा डबघाईला आलेली, सारख्या कामाला सारखा पगार. ज्या कंपनीला तो झेपणार नाही ती बंद पडेल. तिच्या कामगारांना सरकार नवं कौशल्य शिकवून दुसरीकडे लावेल. मालकी भांडवलदाराची, पगार वाटाघाटीने, आधार सरकारचा. सामाजिक लोकशाही म्हणतात ती हीच. (किमान वेतनाचा कायदा स्वीडनमध्ये आजही नाही. सगळी भिस्त सामूहिक करारावर. टेस्लाने तो करावा म्हणून तिथल्या मेकॅनिकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संप पुकारला.)

पण यात एक मेख होती. तेजीतल्या कंपनीतले कामगार जास्त पगार मागत नव्हते आणि तो वाचलेला पैसा जात होता मालकाच्या खिशात. यावर माइडनर यांनी १९७५ मध्ये तोडगा सुचवला. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्के रकमेचे नवे शेअर काढून कामगार संघटनांच्या निधीला द्यायचे. रोकड कंपनीतच राहणार, मालकी तेवढी सरकणार. भांडवलावर १० टक्के नफा धरला तर सुमारे ३५ वर्षांत निम्मी कंपनी निधीची!

ईसॉप (कंपनीने कर्मचाऱ्यांना देऊ केलेले शेअर) मिळालेल्यांनी इथं गल्लत करू नये. ईसॉपचे शेअर तुमच्या एकट्याचे. व्हेस्ट झाले, म्हणजे त्यांवरचा हक्क पक्का झाला, की विका आणि फ्लॅटचं डाउन पेमेंट भरा. माइडनर यांच्या निधीतला शेअर मात्र कुणाही एकाचा नव्हता, त्यामुळे विकून मोकळं होता येत नव्हतं. कुणाची गिरणी जप्त नाही, रस्त्यावर रक्त नाही, तरी हा समाजवादच होता.

उद्योगपतींना तो बरोबर कळला. ४ ऑक्टोबर १९८३ रोजी स्टॉकहोममध्ये हजारोंचा मोर्चा निघाला, तोही मालकवर्गाचा! सत्तेवर ओलोफ पाल्मे यांचे सोशल डेमोक्रॅट होते, पण त्यांच्याही मनात धाकधूक होती. डिसेंबरात संसदेत चर्चा चालू असताना अर्थमंत्री शेल-ओलोफ फेल्ट बाकावर बसून या निधीला शिव्या घालणारी कविता खरडत होते; एका छायाचित्रकाराने ती टिपली आणि वर्तमानपत्रात छापून आली. मंजूर झाला तो पार पातळ केलेला कायदा. मला विचाराल तर योजनेतच खोट होती : सत्ता संघटनेच्या कचेरीत जाणार, कामगाराच्या हाती काहीच नाही. मग त्याने या योजनेसाठी कशाला जिवाचं रान करावं?

१९९१ मध्ये सत्तेवर आलेल्या बिगरसमाजवादी सरकारने हे निधी गुंडाळले. त्यांच्या पैशातून १९९४ मध्ये संशोधन प्रतिष्ठानं उभी राहिली आणि त्यांतल्या एकाकडे माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसाराचं काम सोपवलं गेलं.