नाव एक, प्लाझ्मा दोन

नववीच्या वर्गात आम्ही पदार्थाच्या अवस्था शिकवत होतो. स्थायूला आकार आणि आकारमान दोन्ही असतात, द्रवाला फक्त आकारमान, वायूला यातले काहीच नाही. प्लाझ्माही तसाच, असे आम्ही सांगताच एका मुलीने हात वर केला. "दादीला दवाखान्यात प्लाझ्मा चढवला. पिशवीवर मिलिलिटरचा आकडा होता. मग आकारमान नाही कसे?"

प्रश्न अगदी रास्त होता. घोटाळा नावाचा आहे.

वायूला प्रचंड उष्णता किंवा विजेची ऊर्जा मिळाली की अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. अशा प्रभारित कणांचा समूह म्हणजे भौतिकशास्त्रातला प्लाझ्मा. सूर्य, आकाशातली वीज, पेटलेली ट्यूबलाइट ही त्याची रूपे. तो वायूसारखा पसरतो. ट्यूबमध्ये ट्यूबचाच आकार घेतो. मात्र प्रभारामुळे चुंबकाला तो दाद देतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' नावाच्या यंत्रात त्याला मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत चुंबकाच्या जोरावर धरून ठेवतात.

रक्तातला प्लाझ्मा वेगळा. मराठी पुस्तकात त्याला 'रक्तद्रव' असे छान नाव आहे. हा फिकट पिवळा द्रव. त्यात सुमारे 90 टक्के पाणी, बाकी प्रथिने आणि क्षार. रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त, सुमारे 55 टक्के भाग हाच. रक्तद्रवाला हे नाव आधीपासून होते. 1928 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्युअर यांनी तेच प्रभारित वायूला दिले. रक्तद्रव पेशींना वाहून नेतो, त्याची त्यांना आठवण झाली, असे त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे सांगितले.

रक्तद्रवाला स्वतःचा आकार नाही, पण त्याचे आकारमान घटले की जीवावर बेतते. पावसाळ्यात डेंग्यू आला की घरोघरी फक्त प्लेटलेटचा आकडा विचारला जातो. गंभीर डेंग्यूत खरा धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरण्याचा. हे बहुधा ताप उतरू लागताना घडते, नेमके तेव्हाच घरचे निर्धास्त होतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची मरगळ यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका.

रक्तदानाची भीतीही अशीच कमी होते. दिलेल्या रक्तातला द्रवभाग शरीर एक-दोन दिवसांत भरून काढते. लाल पेशींना काही आठवडे लागतात. रमजानमध्ये रक्त द्यायचे असेल तर इफ्तारनंतर, पोटभर पाणी पिऊन द्यावे.

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले, "बेटा, पुस्तकही बरोबर आणि पिशवीही. सूर्यातला प्लाझ्मा वेगळा, दादीला चढवला तो वेगळा." तिने वहीत दोन रकाने आखले आणि दुसऱ्याच्या वर लिहिले, 'रक्तद्रव'.