हवा हवी, पण किती? एसयूव्ही, स्नो टायर आणि गायब सेन्सर!

एसयूव्ही दणकट, विंटर टायर नवे कोरे, बाहेर गुडघाभर बर्फ. आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा ठाण मांडून बसलेला! कॅनडाच्या हिवाळ्यात हे दृश्य अगदी नेहमीचं. कारण? हिवाळी चाकांचा दुसरा सेट घेताना हवेचा दाब मोजणारे सेन्सर बऱ्याचदा घेतलेच जात नाहीत. टोरांटो असो वा कॅल्गरी, तिथल्या मराठी घरांतही पहिल्या हिवाळ्याआधी हा प्रश्न निघतो: सेन्सरशिवाय भागेल का? भागेल की! फक्त एक अट आहे. ती शेवटी. तोवर सीटबेल्ट लावा, सुसाट निघायचंय!

दिवा एक, निरोप दोन

टायरचा उभा छेद आणि मधोमध उद्गारचिन्ह: हा दिवा तुम्ही पाहिलाय. पण तो दोन भाषा बोलतो, माहीत आहे का? लागला आणि लागूनच राहिला, तर टायरमध्ये हवा कमी. आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेलाच काही ऐकू येत नाहीये. सेन्सर नसलेली चाकं लावलीत, की गाडी सुरू करताना बहुतेक वेळा हाच दुसरा निरोप. म्हणजे टायर ठणठणीत असू शकतो, फक्त त्याची खबर देणारं कुणी नाही!

आधी मिरवला पोर्शेने

आज साध्या गाडीतही दिसणारा हा प्रकार एकेकाळी सुपरकारचा थाट होता. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा होती. तेव्हा तिची काय हवा होती म्हणून सांगू!

कायदा आला तो एका एसयूव्हीमुळे

आता जरा गंभीर. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने तब्बल ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले कितीतरी फोर्ड एक्सप्लोरर या लोकप्रिय एसयूव्हीला बसवलेले होते. धावत्या गाडीच्या टायरचा वरचा थर सुटायचा, गाडी उलटायची. २०० हून जास्त माणसं दगावली. कमी हवा आणि उष्णता यांचाही त्या चर्चेत मोठा वाटा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या हलक्या वाहनात दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. तो पिवळा दिवा इतक्या जिवांचं मोल देऊन आलाय. त्याला मान द्यायलाच हवा.

सीमा ओलांडा, नियम बदला!

युरोपियन युनियनमध्ये नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ही यंत्रणा लागते. आणि अमेरिकेच्या शेजारच्या कॅनडात? सक्तीच नाही! म्हणूनच तिथे सेन्सरविना हिवाळी चाकं बिनदिक्कत फिरतात.

भारतातली गंमत तर वेगळीच. ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा किट आणि दाब सांगणारी यंत्रणा असलेल्या कारला स्टेपनी ठेवण्यातून सूट मिळाली. सेन्सर आला, स्टेपनी गेली!

दुकानदाराला मनाई, मालकाला मुभा

अमेरिकेतला हा पेच ऐका. गाडी गॅरेजमध्ये आली तेव्हा यंत्रणा चालू असेल, तर सेन्सर नसलेली चाकं बसवून ती बंद पाडणं दुकानदारासाठी बेकायदा. पण मालकाने स्वतःच्या अंगणात जॅक लावून तीच चाकं चढवली, तर हे कलम त्याला लागू नाही. नट तेच, पाना तोच, फक्त हात वेगळे!

चाकात चाललंय रेडिओ स्टेशन

टायरच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी एक चिमुकला ट्रान्समीटर असतो. उत्तर अमेरिकेत तो साधारण ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतो, युरोपात ४३३ वर. गाडी उभी राहिली की बॅटरी वाचवायला तो डुलकी काढतो, चाक फिरलं की जागा होतो. बॅटरी आतच सीलबंद. साधारण ५ ते १० वर्षांनी ती संपली, की बहुधा अख्खा सेन्सरच बदलायचा.

आणि हे माहीत आहे का? प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. २०१० मध्ये अमेरिकी संशोधकांनी ४० मीटर अंतरावरून हे संदेश चोरून ऐकून दाखवले, वर खोटे संदेश पाठवून डॅशबोर्डला चकवलंसुद्धा! भिंतीला कान असतात हे ठाऊक होतं, चाकाला तोंड असतं हे नव्हतं.

सेन्सर नाही, तरी कळतं!

काही गाड्यांच्या टायरमध्ये दाबाचा सेन्सरच नसतो. मग कळतं कसं? हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, त्याची त्रिज्या घटते आणि तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त गिरक्या घ्याव्या लागतात. एबीएसचे सेन्सर त्या गिरक्या मोजतच असतात. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त पळतंय? लावा दिवा!

उत्तर अमेरिकेत विकली गेलेली २०१७ नंतरची होंडा सीआर-व्ही याच जातीची. अशा एसयूव्हीला विंटर टायर चढवा, हवा नीट भरा, कॅलिब्रेशनचं फंक्शन चालवा. नवे सेन्सर घ्यायचेच नाहीत. तेव्हा खरेदीआधी मॅन्युअल उघडा. आपली गाडी कोणत्या जातीची, हे कळलं की अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

सेन्सरचेही जुळे भाऊ

तुमच्या गाडीला सेन्सर लागतातच? मग हे वाचा. प्रोग्रॅम करता येणाऱ्या नव्या सेन्सरमध्ये जुन्याचा ओळख क्रमांक उतरवता येतो. गाडीला वाटतं, चाकं तीच! टोयोटा आणि लेक्ससच्या काही मॉडेलमध्ये तर दोन सेटची नोंद ठेवायची सोय असते. एक उन्हाळ्याचा, एक हिवाळ्याचा.

पाइपातला महा-जुगाड

काही हुन्नरी मंडळी काय करतात, माहीत आहे का? चारही सेन्सर पीव्हीसी पाइपात घालतात, दोन्ही टोकं बंद करतात, आत टायरइतका दाब भरतात आणि पाइप डिकीत टाकून देतात. दिवा विझतो! गाडीच्या लेखी चारही टायर कायम टुणटुणीत. आणि खऱ्या टायरची हवा? ती गेली तरी डॅशबोर्ड गप्पच. कल्पकतेला टाळ्या, पण हे करू नका. दिवा जळत असेल, तर निदान आपल्याला कुणी सांगणार नाही एवढं तरी लक्षात राहतं. पाइप ती आठवणही पुसून टाकतो.

७ चा पाढा

पारा ७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला, की उन्हाळी टायरचं रबर आखडायला लागतं आणि पकड ढिली होते. विंटर टायरचं मिश्रण थंडीतही लवचीक राहतं. त्यासाठी त्यात भरपूर सिलिका घालतात. वाळूत असते तीच ही सिलिका!

आता तुम्ही म्हणाल, आमच्या निफाडलाही पारा ७ च्या खाली जातो की! जातो खरा, पण पहाटेपुरता. दुपारच्या उन्हात विंटर टायरचं मऊ रबर नुसतं झिजेल. द्राक्षबागेत शेकोटी पेटवा, टायर आहेत तेच राहू द्या.

बर्फाला बर्फच धरतो

टायरच्या खाचेत चिखल अडकला की आपण वैतागतो. पण हिवाळी टायरच्या खाचेत भुसभुशीत बर्फ अडकला तर? बेस्ट! रबरापेक्षा बर्फच बर्फाला घट्ट धरतो. म्हणून या टायरच्या खाचा बर्फ पकडून ठेवायच्या बेतानेच कोरलेल्या असतात. हिवाळ्यातली ही दाट मैत्री!

उणे २० पेक्षा शून्य वाईट

कडक गोठलेला, उणे २० अंशांचा बर्फ जास्त निसरडा की शून्याजवळचा? उत्तर: शून्याजवळचा! वितळायच्या बेतात असलेल्या बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि चाक त्यावरून सटकतं. म्हणजे हवा जरा सुखद झाली, की रस्ता जास्त घातकी.

नोकिया, पण फोन नव्हे!

जगातला पहिला हिवाळी टायर कुठे जन्मला? फिनलंडमध्ये, १९३४ साली, ट्रकसाठी. दोनच वर्षांनी कारसाठी ‘हक्कापेलीट्टा’ आला. नाव फिनिश घोडेस्वारांचं, आणि ते आजही बाजारात दौडतंय. बनवणारा रबराचा कारखाना १९६७ मध्ये ज्या उद्योगसमूहात सामील झाला, त्याचं नाव नोकिया. हो, तोच, ज्याचा फोन तुमच्या-आमच्या खिशात होता! १९८८ मध्ये टायरवाले वेगळे झाले. फोनचं राज्य आलं आणि गेलं, टायर अजून पळताहेत.

बर्फावर ३३५!

मार्च २०१३. फिनलंडमधलं ओउलू. गोठलेला समुद्र. खिळे बसवलेले नोकियन हिवाळी टायर घातलेल्या ऑडी आरएस ६ ने वेग गाठला ताशी ३३५.७१३ किलोमीटर! मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मोकळ्या सपाट भागात कारला कमाल १०० ची मुभा असते. तुम्ही मात्र विक्रमाच्या फंदात पडू नका.

खिळ्यांना कुठे हार, कुठे हद्दपारी

फिनलंड, स्वीडन, नॉर्वेत खिळेवाले टायर चालतात. जर्मनीत बंदी. जपानमध्ये तर खिळ्यांनी रस्ते खरवडून इतकी धूळ उडाली, की १९९० च्या सुमारास कायद्यानेच ते बाद झाले. मग बिनखिळ्यांच्या टायरांची चलती सुरू झाली. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक १९८८ मधला, म्हणजे अगदी ऐन मोक्याला हजर!

कॅलेंडर काढा

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे. ऑस्ट्रियात हिवाळी टायरच्या नक्षीची खोली किमान ४ मिलिमीटर हवी. खरेदी करताना टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगरातला हिमकण शोधा. ती खूण १९९९ मध्ये आली. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेले टायर जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत.

टायरची हॉटेलात सोय

स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये टायर हॉटेलात उतरतात! हिवाळी चाकं चढली, की उन्हाळी सेट दुकानदाराच्या गोदामात मुक्कामाला. वसंतात अदलाबदल. फ्लॅटमध्ये आठ चाकं ठेवायची कुठे, हा प्रश्नच मिटला.

फोर-व्हील ड्राइव्हचा भ्रम

‘आपली एसयूव्ही फोर बाय फोर आहे, विंटर टायर कशाला?’ थांबा! चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली, तर गाडी बर्फातून झोकात निघते. पण ब्रेक? ते प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरला काहीच जादा मिळत नाही, उलट एसयूव्हीचं वजन जास्त. जवळपास दोन टनांचा हा डोलारा रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढ्या चार ठिपक्यांवर. ते ठिपके नीट टेकायचे तर टायरमधली हवा बरोबर हवी. आणि इथेच येते ती अट!

हे गणित करा, प्लीज!

तापमान ५-६ अंशांनी उतरलं, की टायरचा दाब साधारण १ पीएसआय उतरतो. समजा, उबदार गॅरेजमध्ये, २० अंशांना तुम्ही ३५ पीएसआय हवा भरलीत. बाहेर उणे २०. पंक्चर नाही, गळती नाही, तरी टायर थंड पडल्यावर गेजवर आकडा दिसेल २८ च्या आसपास!

आता सगळ्यात मोठा धक्का. अमेरिकी नियमानुसार दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के घसरला, की दिवा लागलाच पाहिजे. ३५ चे २५ टक्के गेले, उरले सव्वासव्वीस. म्हणजे २८ वर सेन्सर असलेली गाडीसुद्धा गप्प राहू शकते! सेन्सर हा धोक्याची घंटा आहे, रोजचा हिशेबनीस नाही. ज्याच्याकडे सेन्सर आहेत त्यालाही गेज लागतो, ज्याच्याकडे नाहीत त्याला तर लागतोच लागतो.

अट एकच: गेज!

तर मंडळी, सेन्सर नसले तरी चालेल, गेज नसेल तर चालणार नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा, शिफारशीचा आकडा तिथे आहे. सकाळी, गाडी हलवण्याआधी, बाहेरच्या थंडीत मोजा. हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी मोजा, पारा एकदम कोसळला तर त्याच दिवशी. बर्फात पकड वाढेल म्हणून हवा कमी करू नका, साफ केलेल्या रस्त्यावर त्याने नुकसानच होतं. लांबच्या प्रवासाला निघताय? व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे सेन्सर आणि त्यांचा छोटा डिस्प्ले घ्या. वाटेत हवा गेली तर चालू गाडीत कळेल.

आणि शेवटचं माहीत आहे का? साध्या काडीच्या गेजला ना बॅटरी लागते, ना सॉफ्टवेअर, ना कॅलिब्रेशन. चार चाकांना पाच मिनिटं पुरतात. या वीकेंडला ती पाच मिनिटं काढाच!