टॉवरचे निवडक बहिरेपण

बिनतारी इंटरनेट पुरवणाऱ्याच्या व्यवसायात टॉवर उभा करणे हे खर्चाचे काम असले, तरी डोके चालवण्याचे काम त्यानंतर सुरू होते. कारण माथ्यावर किती अँटेना बसवायच्या, प्रत्येकीने वर्तुळाचा केवढा तुकडा सांभाळायचा आणि त्या तुकड्याला कोणता चॅनल द्यायचा, यावर ग्राहकाच्या घरी मिळणारा वेग ठरतो. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. 120 अंशांचे तीन, 90 अंशांचे चार आणि 60 अंशांचे सहा सेक्टर या मांडण्या सर्वाधिक रुळलेल्या आहेत.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सेक्टर न पाडता चहूकडे सारखा सिग्नल फेकणारी, उभ्या दांड्यासारखी दिसणारी एकच ‘ओम्नी’ अँटेना. तिची पोहोच कमी, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप अर्धाच खरा आहे. वर्तुळाचे चार भाग केले, की प्रत्येक अँटेनाचा सिग्नल आपल्या दिशेला एकवटून सुमारे चौपट, म्हणजे डेसिबल या मापात 6 ने, वाढतो आणि मोकळ्या हवेत तेवढ्याने अंतर दुप्पट होते हे खरे. परंतु परवानामुक्त पट्ट्यांत कोणत्याही एका दिशेला किती शक्ती फेकावी यावरच नियमांची मर्यादा असल्यामुळे, ही वाढ बोलताना फारशी वापरता येत नाही, ती कामी येते ती ऐकताना. ओम्नी अँटेनाच्या कानावर आसपासच्या प्रत्येक वायफाय राउटरचा गलबला पडतो. सेक्टर अँटेना बहुतेक दिशांना जवळजवळ बहिरी असते, आणि व्यावसायिक तिच्यासाठी जादा पैसे मोजतो ते मुख्यतः या बहिरेपणाचे.

हे तत्त्व व्यवस्थित वापरणारी प्रणाली म्हणून मोटोरोलाच्या ‘कॅनोपी’चे उदाहरण घेता येते. 2002 मध्ये बाजारात आलेल्या आणि 2011 मध्ये केंबियम नेटवर्क्स या कंपनीकडे गेलेल्या या प्रणालीत 60 अंशांची सहा यंत्रे एकाच टॉवरवर गोलाकार बसवून तीनच चॅनलवर चालवता येत, कारण पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन यंत्रांना एकच चॅनल दिला जाई. मात्र एक यंत्र बोलत असताना त्याच चॅनलवरचे दुसरे ऐकू लागले, तर हातभर अंतरावरच्या आवाजात दूरच्या ग्राहकाचा क्षीण सिग्नल बुडून जाईल; म्हणून जीपीएस उपग्रहांकडून मिळणाऱ्या अचूक वेळेच्या ठोक्यावर सर्व यंत्रे एकदम बोलतात आणि एकदम गप्प होऊन ऐकतात. भास्करन रमण आणि कामेश्वरी चेब्रोलू या पुढे पवईच्या आयआयटीत आलेल्या संशोधकांनी ग्रामीण भारतातील लांब पल्ल्याच्या वायफाय जोडण्यांसाठी 2005 मध्ये मांडलेल्या ‘टू-पी’ या पद्धतीतही एका टॉवरवरच्या सर्व जोडण्यांनी एकाच वेळी बोलावे व एकाच वेळी ऐकावे हीच कल्पना होती.

चॅनलची ही काटकसर चैनीपोटी केलेली नाही. भारतात 2018 मध्ये परवानामुक्त झालेल्या पट्ट्यांपैकी 5725 ते 5875 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात 150 मेगाहर्ट्झची जागा आहे. चार सेक्टरांना 40 मेगाहर्ट्झचे चार वेगळे चॅनल द्यायचे म्हटले, तर लागतात 160. समोरासमोरच्या सेक्टरांनी चॅनल वाटून घेतला, की 80 मध्ये भागते आणि उरलेली जागा शेजारच्या टॉवरला मिळते.

तरीही एक पेच उरतोच. चांगली सेक्टर अँटेना पाठीमागचा सिग्नल साधारण 30 डेसिबलने, म्हणजे हजारपट, दाबते, आणि हा आकडा कागदावर भरभक्कम वाटतो. पण पुढचा ग्राहक 8 किलोमीटरवर आणि त्याच चॅनलवरचा मागच्या सेक्टरचा ग्राहक 300 मीटरवर असेल, तर केवळ अंतरामुळे मागच्याचा सिग्नल 28 डेसिबलहून अधिक चढा ठरतो, आणि हजारपटीचे ते संरक्षण जवळजवळ सगळे तिथेच खर्ची पडते. म्हणून जवळच्या ग्राहकाच्या यंत्राला शक्ती कमी करून दबक्या आवाजात बोलायला लावावे लागते, आणि हे न करता अँटेनाच बदलत बसणे हा निव्वळ अपव्यय होय.

अँटेनाच्या पत्रकावरचा अंशांचा आकडाही असाच फसवा असतो. 90 अंश म्हणजे त्या कोनाच्या दोन्ही कडांवर सिग्नल मध्याच्या निम्मा झालेला असतो. त्यापलीकडे तो संपत नाही, फक्त उतरत जातो. मोबाइलच्या टॉवरवर 120 अंशांच्या सेक्टरसाठी 65 अंशांच्या आसपासची अँटेना सर्रास वापरतात, ती या उतरणीचा हिशेब धरूनच.

शिवाय ग्राहक वर्तुळात वसलेले नसतात. सह्याद्रीच्या कड्यावरील टॉवरला पाठीमागच्या ओसाड पठाराकडे सेक्टर लावण्याचे कारण नाही, आणि कड्याखालच्या कोकणातले गाव सरळ रेषेत दीड किलोमीटरवर पण 600 मीटर खोल असेल, तर ते क्षितिजाच्या जवळजवळ 22 अंश खाली येते. सेक्टर अँटेनाचा झोत, म्हणजे बीम, आडवा रुंद असला तरी उभ्या दिशेने जेमतेम सात-आठ अंशांचा असल्यामुळे तो गावाच्या डोक्यावरून निघून जातो. तेथे दोन्ही दिशांना सारखी पसरणारी, कर्ण्याच्या आकाराची हॉर्न अँटेना खाली झुकवून लावणे श्रेयस्कर, मग कागदावरची मांडणी कितीही बेढब दिसो.

प्रत्यक्ष बसवताना टॉवरच्या लोखंडाजवळ होकायंत्र भरवशाचे राहत नाही, म्हणून नकाशावरून आधी हेरून ठेवलेल्या देवळाच्या कळसावर किंवा पाण्याच्या टाकीवर नेम धरून अँटेना फिरवतात. झुकाव मात्र क्लॅम्पचे नट आवळताना हलतो, आणि जाणता कारागीर पाना खाली ठेवल्यावर कोनमापक पुन्हा लावून पाहतो. कारण सपाट प्रदेशातील 40 मीटर उंच टॉवरवर दोन अंशांचा झुकाव एक अंशावर आला, की बीमचा मध्य सुमारे 1,150 मीटरऐवजी 2,300 मीटरवर जमिनीला टेकतो.